दोन पाट्या

मराठीत 'पाटी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पाटी लिहायची, दुसरी डोक्यावर घ्यायची. पहिलीत माझ्या हातात दगडी पाटी आली तेव्हा आईच्या डोक्यावर शेणखताची पाटी असायची. पहिल्या पाटीने मला नोकरी दिली, पगार दिला, आता पेन्शनही देते. दुसऱ्या पाटीकडे मी सत्तर वर्षे नुसता बघत आलो. ती कशी होते, कोण करते, कशाची करते, हे विचारायचे कधी सुचले नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हे कबूल करायला लाज वाटते, पण खरे ते खरे.

मागच्या हिवाळ्यात मी ती दुसरी पाटी विणायला शिकलो. निमित्त अगदी साधे होते. घरात आईच्या वेळची एक पाटी होती. निरगुडीच्या फोकांची, आतून शेणाने सारवलेली. तिचा काठ सुटला आणि बूड गेले. तशीच दुसरी आणावी म्हणून आठवडी बाजार पालथे घातले. गंगाखेडला गेलो, मानवतला गेलो. प्लास्टिकची टोपली मिळाली, पत्र्याचे घमेले मिळाले, बांबूच्या दुरड्या आणि सुपेही मिळाली. फोकाची पाटी मात्र मिळेना. एका दुकानदाराने तर विचारले, "सर, ती घेऊन काय करायलाव? शोकेसमधी ठेवायलाव का?"

शेवटी कुणीतरी सांगितले की गावाबाहेर, ओढ्यापलीकडे कैकाड्यांची दोनचार घरे आहेत, तिथे एक म्हातारी बाई अजून विणतात. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी त्यांना मावशी म्हणतो. वयाने त्या माझ्याहून लहानच असाव्यात, पण शिकवणाऱ्याला मोठे म्हणावे, हे मी आयुष्यभर मुलांना सांगितले आहे.

मी पाटी विकत घ्यायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "तयार नाही. करून देते, आठ दिसानी या." मला काय वाटले कुणास ठाऊक, मी विचारले, "मला शिकवाल का?" त्या हसल्या. "गुरुजी, हे तुमचं काम नाही. बोटं सोलतेत." मी म्हणालो, सोलू द्या. मग रोजची मजुरी ठरली. शिकवणीची फी घ्यायची हे त्यांना फार गमतीचे वाटले. नातसुनेला हाक मारून त्यांनी ते दोनदा सांगितले.

शिकवणीचा पहिला दिवस गेला तो फोक तोडण्यात. निरगुडी आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधावर आपोआप वाढते. जनावरे तिला तोंड लावत नाहीत म्हणून ती टिकते. आपण तिला वातावर शेकायला पाला देणारे झुडूप म्हणून ओळखतो. मावशी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. गेल्या वर्षी बुडापासून छाटलेल्या झुडपाला जे सरळ, लांब, बिनफांदीचे धुमारे फुटतात तेच त्यांना हवे असतात. वेडेवाकडे, जून लाकूड झालेले फोक त्या हातही लावत नाहीत. म्हणजे पुढच्या वर्षीचा माल मिळावा म्हणून या वर्षी झुडूप कापायचे. तोडणे आणि वाढवणे एकाच कोयत्याने. झाड वाचवण्यावर मी वर्गात कितीतरी निबंध लिहून घेतले. पण नीट कापल्याने झुडूप चांगले फुटते, हे त्यातल्या एकाही निबंधात नव्हते.

घरी आल्यावर मी उत्साहाने लगेच विणायला बसलो. मावशी म्हणाल्या, "आज नको. रातभर पडू द्या." मला वाटले, त्या दमल्या असतील. दुसऱ्या गठ्ठ्यातले फोक घेऊन मी घरी एकट्याने त्याच संध्याकाळी एक पाटी विणली. वाकडी झाली, पण झाली. आठ दिवसांनी तिचे सगळे फोक माझ्या कवळीसारखे खुळखुळायला लागले. कारण सोपे आहे. ओले लाकूड वाळताना आक्रसते. अगदी ताज्या फोकात पाणी जास्त, म्हणून तो जास्त आक्रसतो आणि वीण सैल पडते. पूर्ण वाळला तर वाकत नाही, मोडतो. तेव्हा तोडल्यानंतर किंचित मरगळलेला, पण अजून आतून वल्ला असा फोक विणायचा. ती वेळ घड्याळात नाही. मावशी फोक बोटाभोवती गुंडाळून बघतात आणि सांगतात, "आता घ्या."

विणीचेही तसेच. चार जाड फोक उभे, चार आडवे, अशी फुली मांडायची आणि तिच्यावर पाय देऊन बसायचे. मग बारीक फोक एकावरून, एकाखालून असा फिरवायचा. हळूहळू फुलीचे फोक सूर्याच्या किरणांसारखे फाकवायचे. मी दोन फेरे घातले आणि अडलो. प्रत्येक फेऱ्यात विणणारा फोक त्याच उभ्या फोकावरून जायला लागला. वीण बसेना, नुसती वेटोळी झाली. मावशींनी एक फोक उचलला आणि मध्ये खुपसला. "एक जास्तीचा लागतो. जोडीजोडीनं वीण बसत नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उभ्या फोकांची संख्या सम असेल तर एकाच धाग्याची वीण प्रत्येक फेऱ्यात जिथल्या तिथे येते. विषम असेल तरच पुढच्या फेऱ्यात ती आपोआप उलटी पडते. सम आणि विषम संख्या मी पाचवीच्या मुलांना शिकवल्या आहेत. त्यांचा उपयोग काय, असे एका मुलाने विचारले होते तेव्हा मी त्याला खाली बसवले होते. मावशींना 'विषम' हा शब्द माहीत नाही. उपयोग माहीत आहे.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. हे एवढे ज्ञान ज्यांच्या हातात होते त्यांची नोंद आपण कुठे ठेवली? मास्तरकीची सवय. नोंद म्हटले की वही आठवते. म्हणून मी एकेक वही उघडून बघायला लागलो.

पहिली वही गावाची. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गांव-गाडा' हे पुस्तक १९१५ साली आले. गावगाड्यात कोणाचे काय काम आणि कोणाला काय वाटा हे समजून घ्यायला आजही तेच उघडावे लागते. नेहमी सांगितले जाणारे बारा बलुतेदार आठवा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी, कोळी, मुलाणी. प्रांतागणिक एखादे नाव बदलते. पण या प्रचलित यादीत बुरूड नाही आणि कैकाडीही नाही. खळ्यावर सुताराचा वाटा निघायचा, लोहाराचा निघायचा. त्या खळ्यावर वावडीवर उभे राहून ज्या पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडायचे, त्या पाटीवाल्याला हक्काचा वाटा नाही. त्याने पाटी द्यावी आणि जमेल ते दाणे घेऊन पुढच्या गावाला जावे.

इथे थोडे थांबून बुरूड आणि कैकाडी यांतला फरक सांगितला पाहिजे, कारण आपण दोघांना एकाच टोपलीत टाकतो. बुरूड वेळूचे काम करतो. त्याच्याकडून दुरडी, सूप, रोवळी, परडी, करंडी, बैलगाडीचे तट्टे मिळतात. बाळ जन्मले की त्याला सुपात ठेवायची रीत, धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण द्यायचे ते दुरडीतून आणि शेवटी तिरडीलाही वेळूच. कैकाडी मात्र निरगुडी, तुराटी, पऱ्हाटी असे जे शेतात आणि ओढ्याकाठी मिळेल त्याच्या पाट्या, डाली आणि धान्याच्या कणग्या विणायचा. बुरूड बहुधा गावात घर करून राहिला, कारण वेळू बाहेरून आणावा लागे. कैकाडी फिरता राहिला, कारण त्याचा माल ओढ्याकाठी उभा होता. एका ओढ्याचे धुमारे संपले, गावातल्या सगळ्या घरांना पाट्या झाल्या, की गाढवावर बिऱ्हाड टाकून पुढच्या गावी. तोवर मागचे झुडूप पुन्हा फुटायचे. त्याचे फिरणे त्याच्या धंद्याच्या हिशोबाचेच होते, हे मला फोक तोडायला गेलो तेव्हा कळले.

दुसरी वही जंगलखात्याची. ही बुरुडाच्या वाट्याला आली. वेळू हे झाड नव्हे, गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातले. हे काही आधुनिक शोध लागल्यावरच कळले असे नाही. अमरकोशात बांबूला जी नावे दिली आहेत त्यात 'तृणध्वज' हे एक आहे. गवताचा ध्वज! दुसरे नाव 'त्वक्सार', म्हणजे ज्याचे सत्त्व सालीत आहे ते. कुठल्याही बुरुडाला विचारा, तो कांब उभी चिरून सालीकडची कामटी वेगळी काढतो आणि गाभ्याकडची वेगळी. सालीकडची टिकाऊ, काठाला आणि सुपाला. गाभ्याकडची हलक्या कामाला. बांबूचे घट्ट धागे बाहेरच्या बाजूला दाटलेले असतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. कोशकाराने ते एका शब्दात सांगितले आहे, आणि मला वाटते त्याने तो शब्द लिहिण्याआधी कुणीतरी बुरुडाला काम करताना पाहिले असले पाहिजे.

पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाची व्याख्या करताना त्यात बांबू घातला गेला. गवताचे झाड झाले आणि बुरुडाची पंचाईत झाली. तोडायला परवाना, वाहून न्यायला परवाना. आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल नावापुरते. इथल्या बुरुडाचा वेळू लांबून, व्यापाऱ्याच्या हातून यायचा. परवान्याचा, वाहतुकीचा आणि दलालीचा सगळा भार शेवटी एका दुरडीवर यायचा.

दुसरीकडे कागद गिरण्यांना मात्र हाच बांबू ढीगभर मिळत होता. निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात सिरपूरला कागद गिरणी उभी राहिली, पुढे चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला. माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या दांडेलीच्या गिरणीचा हिशोब लिहून ठेवला आहे. त्या गिरणीला १९५८ साली सरकारने बांबू दीड रुपया टनाने दिला, जेव्हा टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात टनाला हजार रुपयांहून जास्त मोजावे लागत होते. मी हे वाचले तेव्हा आकडा चुकला असेल म्हणून दोनदा वाचला. आम्ही मास्तर लोक ज्या कागदावर पेपर तपासत होतो, त्यातला काही कागद बुरुडाच्या टोपलीतून काढून घेतलेला होता, असेच म्हणायचे.

ही गाठ सुटायला फार वर्षे लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाने त्या आधारे आपला हक्क मागितला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या ग्रामसभेच्या हाती बांबू वाहतुकीच्या परवान्याची पुस्तके दिली. आणि २०१७ साली वन कायद्याच्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला गेला. जंगलाबाहेर लावलेला बांबू तेव्हापासून कायद्याने झाड राहिलेला नाही. अमरकोशाला जे माहीत होते ते कायद्याला कळायला नव्वद वर्षे लागली.

तिसरी वही पोलिसांची. इथे मात्र कैकाड्याचे नाव सापडते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. एखाद्याने गुन्हा केला म्हणून नाही, तर अमुक जमातीत जन्मला म्हणून त्याचे नाव नोंदवायचे, त्याने पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती, तिला लोक सेटलमेंट म्हणायचे. कैकाडी त्या यादीत होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठे ग्रंथ काढले. त्यात कैकाड्यांची ओळख टोपल्या विणणारे अशी करून दिली आहे, पण त्याच वाक्यात बदनाम अशा अर्थाचे विशेषणही चिकटवले आहे.

आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण फिरस्त्याला सरहद्द कुठली? निरगुडी इंग्रजी हद्दीत आणि निजामी हद्दीत सारखीच वाढते. जो माणूस धुमारे फुटण्याच्या हिशोबाने फिरत होता, त्याच्या फिरण्यालाच सरकारने संशय म्हटले. गावानेही तेच म्हटले. माझ्या लहानपणी कैकाड्यांची गाढवे ओढ्याकाठी दिसली की आई बाहेरची भांडी आत घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याचकडून पाटी विकत घ्यायची. दोन्ही कामे ती सारख्याच सहजतेने करायची. आमच्या आईला दोष देत नाही. तिला तसेच शिकवले होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात. त्यानंतर सात वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. परभणी तेव्हा मुंबई राज्यातच होती. या नव्या कायद्यात जमातीचे नाव नव्हते, पण पोलीस पाटलाच्या मनातली यादी जुनीच होती. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळाला. एका कैकाडी मुलाने लिहिलेली ती आत्मकथा मी तेव्हाच वाचली होती. शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिच्यावर चर्चाही केली. भाषा जिवंत आहे, असे मी म्हणालो होतो.

आणि तरीही चौथ्या वहीची गोष्ट मला सांगावी लागणार आहे. ती वही शाळेची, म्हणजे माझी.

महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचे. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा असे सुचवले. तो विषय आमच्या वेळापत्रकात आला. आठवड्यातले दोन तास. ज्याचे तास कमी भरतात त्या मास्तरच्या गळ्यात तो पडायचा. काही वर्षे माझ्या गळ्यात पडला.

साल १९८४ असावे. नववीच्या वर्गाला मी सांगितले, एक उपयुक्त वस्तू करून आणा. मुलांनी पुठ्ठ्याची घरे आणली, काड्यापेट्यांचे सोफे आणले, जुन्या पोस्टकार्डांच्या फुलदाण्या आणल्या. एका मुलाने निरगुडीच्या फोकांची पाटी आणली. हिरवी, वल्ली, उग्र वासाची. मी विचारले, "घरच्यांनी करून दिली ना?" तो म्हणाला, "मी केली, सर." मी पुन्हा विचारले. तो पुन्हा तेच म्हणाला. मुलांनी नाकाला रुमाल लावले होते. मी त्याला ती बाहेर व्हरांड्यात ठेवायला सांगितली.

त्याला मी पास होण्यापुरते गुण दिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'सुबकता नाही.' पुठ्ठ्याचे रंगीत घर आणणाऱ्या मुलाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. ते घर बाजारातून आणलेले होते हे मला नंतर कळले, पण गुण बदलले नाहीत. आणि ती पाटी? ती व्हरांड्यातच राहिली. आमच्या शिपायाने ती कचरा भरायला घेतली. पुठ्ठ्याची घरे पहिल्या पावसात ओलसर होऊन उकिरड्यावर गेली. पाटी तीन वर्षे तरी चालली. मी रोज तिच्याजवळून जात होतो.

तो मुलगा दिवाळीनंतर आला नाही. त्याचे घर पुढच्या गावाला गेले होते, असे कुणीतरी म्हणाले. त्याच्या न येण्याला माझा शेराच कारण होता, असे मी म्हणणार नाही, तेवढे महत्त्व स्वतःला देण्यात अर्थ नाही. पण तो वर्गात टिकावा असेही मी काही केले नव्हते. नियमाप्रमाणे ठरावीक दिवस वाट पाहिली आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईने लिहिले, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' त्याच्या आजोबांना पोलीस ठाण्यात रोज हजेरी द्यावी लागली असेल. नातवाचे नाव हजेरीतून कमी करायला मी होतो.

त्याने ती पाटी स्वतः केली होती का? मागच्या हिवाळ्यात मावशींची बारा वर्षांची पणती शाळेतून आली आणि दप्तर ठेवून माझ्याशेजारी विणायला बसली. मी एक काठ मुरडेपर्यंत तिचे बूड पुरे झाले. तेव्हा मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. चाळीस वर्षे उशिरा.

जगात सगळीकडे असेच झाले असे नाही. जपानमध्ये बेप्पू नावाचे बांबूकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथल्या शोनो शोउन्साई या बांबू विणणाऱ्या कारागिराला १९६७ साली तिथल्या सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. बांबूकामासाठी तो पहिलाच. १९६७ म्हणजे कोठारी आयोगाचा अहवाल नुकताच आला होता तेव्हाची गोष्ट. आपल्याकडेही काही माणसांनी मनापासून काम केले. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि कोरकू मुलांना हातकामाचा अभिमान दिला. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारचे बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूला निदान कुणीतरी वाली मिळाला. निरगुडीच्या पाटीला मात्र केंद्रही नाही आणि प्रमाणपत्रही नाही. मळणीयंत्र आले तशी वावडी गेली, पोती आणि गोण्या आल्या तशी कणगी गेली, घमेले आले तशी पाटी गेली. यात कुणाचा कट नाही. काळ बदलतो. मावशींचा मुलगाही गवंड्याच्या हाताखाली जातो आणि त्यांना त्याचे दुःख नाही. "पोटाला मिळतं की," एवढेच त्या म्हणतात. धंदा टिकावा म्हणून पुढच्या पिढीने गरीब राहावे, असे म्हणण्याचा हक्क पेन्शन घेणाऱ्या माणसाला नाही.

मला म्हणायचे आहे ते वेगळे. धंदा जाईल, पण ज्ञान होते ही नोंद तरी जाऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, कुंभार, माळी अशा जाणकारांकडे शिकावे, असे सुचवले आहे. कल्पना चांगली आहे. कार्यानुभवाचीही चांगलीच होती. तिचे आम्ही काय केले ते वर सांगितले. म्हणून आजच्या मास्तरांना एवढीच विनंती आहे की त्या दहा दिवसांत एखादी मावशी शाळेत बोलवा, तिला खुर्ची द्या, मानधन द्या, आणि सम-विषम संख्यांचा धडा तिच्याकडून शिकवून घ्या. आणि एखाद्या पोराने वल्ल्या वासाची वस्तू आणली तर ती बाहेर ठेवायला सांगू नका.

असो. माझी तिसरी पाटी संक्रांतीच्या सुमारास पुरी झाली. मावशींनी ती उलटी केली, बुडावर गुडघा दाबून बघितला, काठावरून अंगठा फिरवला. मी परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा उभा होतो. त्या म्हणाल्या, "कोंबड्या झाकायला चालंल." मी खूश झालो.

निघताना मी त्यांना विचारले, किती दिवस टिकेल? त्या म्हणाल्या, "वापराल तवर टिकंल. नुसती ठेवली तर किडा लागतो."

मी ती शोकेसमध्ये ठेवलेली नाही. अंगणातला पाला रोज सकाळी तिच्यातच भरतो.